स्वर्गातल्या कंपनीची परीक्षा

ऑफिसात त्यांना सगळे ताई म्हणत. वयानं मोठे असलेले हिशेबनीससुद्धा ताईच म्हणत. एकदा तर गिऱ्हाईक कंपनीचा टकलू डायरेक्टर भर मीटिंगमध्ये 'ताई' म्हणून गेला आणि मग उरलेला वेळ नुसता पाणी पीत बसला. ताईंनी ते मनावर घेतलं नाही. मान मिळत असला तर नातं विचारू नये, असं त्यांचं मत होतं.

हा मान फुकटचा नव्हता. कंपनीचं काम पार्सलांचं. पार्सलं पोचवणारे वेगळेच. ही कंपनी फक्त पार्सल आत्ता कुठे आहे ते सांगायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एका पार्सलाच्या प्रवासात विमानवाले, कस्टमवाले, गोदामवाले, ट्रकवाले असे सतरा जण असतात आणि प्रत्येकाचा कॉम्प्युटर आपल्याच तोऱ्यात असतो. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला अदबीनं विचारायचं, "अमुक पार्सल आलं का हो?" आणि दुसऱ्यानं सरळ उत्तर द्यायचं, या व्यवहाराला वेब सर्व्हिस म्हणतात. ही सगळी विचारपूस ज्या कोडमधून चालायची तो ताईंनी लिहिला होता. तरुणपणी लिहिला आणि तेव्हापासून ठिगळं लावत लावत नांदवला. कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की ताईंना हाक यायची. कोण कशानं रुसतो आणि कशानं वळणावर येतो, हे त्यांना सासरच्या माणसांसारखं पाठ होतं.

त्यामुळे एके सकाळी साहेब स्वतःच्या हातानं चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या टेबलाशी आले, तेव्हाच ताईंनी ओळखलं की काहीतरी शिजतंय. साहेब कॉलेजातून निघाले ते थेट ताईंच्या हाताखाली आले होते. पुढे वर चढले, पण आजूबाजूला कोणी नसलं की ताई त्यांना अजून अरे-तुरे करत.

"बोल," ताई म्हणाल्या. "चहा तू आणलास म्हणजे बातमी वाईट आहे."

"वाईट नाही, ताई. आपलं ते नवीन मोठं गिऱ्हाईक आहे ना, त्यांची एक अट आहे. सर्व्हिसच्या कोडला जो हात लावेल, त्याच्याकडे वेब सर्व्हिसेस डेव्हलपरचं सर्टिफिकेट पाहिजे."

"चांगलं आहे की. पोरांना बसव परीक्षेला. तेवढाच अभ्यास होईल."

साहेबांनी कपात बघितलं. "पोरं बसतीलच. पण ताई, कोडला हात तर तुम्हीच लावता."

हे डोक्यात उतरायला ताईंना एक क्षण लागला. मग त्या अशा हसल्या की पलीकडच्या रांगेतले लोक उठून बघायला लागले. "म्हणजे सुईणीला विचारायचं, बाई गं, तुला बाळंतपणातलं काही कळतं का!"

"तसंच," साहेब घाईनं म्हणाले. "चार पर्यायांतून एक निवडायचा, बस. तुमच्या डाव्या हातचा मळ."

ताईंनाही तसंच वाटलं. अभ्यासाचं जाडजूड पुस्तक साहेबांनी पाठवलं, ते त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा उंच करायला खाली सरकवलं. पडदा मात्र छान डोळ्यांच्या रेषेत आला.

परीक्षेच्या केंद्रात आधी त्यांचे खिसे उलटे करायला लावले. मग रुमाल झटकून दाखवायला लावला. मग चष्मा काढून घेऊन एका मुलीनं तो उजेडात धरला आणि दांड्यांच्या आत काही लिहिलंय का ते पाहिलं. ताईंचे यजमान चष्म्याच्या दुकानाचे मालक. चष्मा असा धरतात का, हे त्या मुलीला सांगायचं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण बोलायला बंदी होती. फोन, पर्स, घड्याळ सगळं कुलुपात गेलं. ताईंना आडोसा केलेल्या एका खणात बसवलं आणि पडद्यावर पहिला प्रश्न आला.

'एका कंपनीची सर्व्हिस दुसऱ्या सर्व्हिसला विनंती पाठवते. उत्तर येत नाही. डेव्हलपरने काय करावे?' खाली चार पर्याय. लगेच पुन्हा विनंती पाठवावी. थोडे थांबून, दर वेळी थांबण्याचा अवधी वाढवत पाठवावी. वापरणाऱ्याला कळवावे. मोठा सर्व्हर घ्यावा.

ताई विचारात पडल्या. दुसरी सर्व्हिस कोणाची, ते कुठेच लिहिलं नव्हतं. ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार? आणि तेवढ्यात त्यांना प्रश्नाच्या खाली एक लहानसा चौकोन दिसला. 'या प्रश्नाबद्दल आपला अभिप्राय.'

ताईंनी बोटं मोडली आणि लिहिलं: 'दुसरी सर्व्हिस कोणाची ते आधी सांगा. कस्टमची असेल तर दुपारच्या जेवणानंतर ती अर्धा तास उत्तर देत नाही, तेव्हा थांबावे. गोदामाची असेल तर थांबून उपयोग नाही, फोन करावा. मोठा सर्व्हर घ्यावा हा पर्याय कोणी सुचवला त्याला मला भेटायचे आहे.'

लिहून त्यांना फार बरं वाटलं. पुढचा प्रश्न होता की कंपनीला जुनी सर्व्हिस बंद करून नवी सुरू करायची आहे. तिथे त्यांनी लिहिलं, 'जुनी बंद करू नये. तिला कोणीतरी वापरत असतेच, आणि कोण ते बंद केल्यावरच कळते.' एका प्रश्नात योग्य ते दोन पर्याय निवडायचे होते. तिथे त्यांनी पाचवा पर्याय स्वतःच सुचवला आणि तो का बरोबर हेही मुद्देसूद मांडलं. असा त्यांचा हात जो चालला, तो चाललाच. इतक्या वर्षांत इतकं नीट ऐकून घेणारं माणूस त्यांना भेटलंच नव्हतं. अर्ध्याहून थोडे पुढे आल्या असतील नसतील, तोच पडदा पांढरा झाला, वेळ संपल्याचा मजकूर आला, आणि त्याच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, दुसरा शब्द आला: 'अनुत्तीर्ण.'

"पुढच्या वेळी नक्की हं," चष्मा तपासणारी मुलगी निकालाचा कागद देत गोड आवाजात म्हणाली. ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं दुसऱ्या उमेदवाराचा रुमाल झटकायला घेतला.

घरी त्यांनी यजमानांना सांगितलं, "पेपरच चुकीचा होता."

"सगळा?"

"सगळा."

यजमान शहाणे होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त कपाटातून लाडूंचा डबा काढून समोर ठेवला.

ऑफिसात त्याहून वाईट. निकाल साहेबांकडे आपोआप गेला होता आणि साहेबांच्या पोटात काही राहत नसे. कोणी काही बोललं असतं तर ताईंनी परतवलं असतं. पण कोणी बोललंच नाही. चहाच्या यंत्राजवळ त्या गेल्या की तिथली चर्चा हवामानावर यायची. त्यात परीक्षावाल्यांकडून मेल यायला लागले. त्यांनी लिहिलेल्या एकेका अभिप्रायाला एकेक स्वतंत्र उत्तर, आणि सगळ्यांत एकच ओळ: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' दिवसभर टेबलावर टिंग टिंग वाजत राहिलं आणि दर टिंगेला आजूबाजूच्या माना वळत राहिल्या.

मग साहेब पुन्हा आले. या वेळी चहाबरोबर बिस्किटंही होती.

"ताई, फक्त पास होईपर्यंत हं. तुमचा पासवर्ड बंद ठेवावा लागेल. तुम्ही बघू शकता, सांगू शकता, पण हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाची अट."

"मग हात कोण लावणार? पोरांच्या परीक्षा तर अजून व्हायच्यात."

साहेबांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं.

खिडकीशी चौकटराव बसत. अर्थात हे त्यांचं नाव नव्हे; हे नाव ताईंनी ठेवलेलं. हे गृहस्थ कंपनीत आले ते कामाचे आराखडे करायला, पण त्यांचा खरा छंद परीक्षांचा. निघेल ती परीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि सर्टिफिकेट चौकटीत बसवून टेबलामागच्या भिंतीवर टांगायचं. भिंत भरून आता चौकटी खिडकीच्या कडेपर्यंत पोचल्या होत्या. "एक दिवस उजेड बंद होईल," असं ताई म्हणाल्या होत्या आणि सगळं ऑफिस हसलं होतं. कारण एवढ्या चौकटी असूनही, चालू असलेल्या खऱ्या सर्व्हिसला या माणसानं कधी बोट लावलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"तो?" ताई म्हणाल्या.

"त्यांच्याकडे सगळी सर्टिफिकेटं आहेत," साहेब हताशपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या खुर्चीत चौकटराव, आणि बाजूला स्टुलावर ताई. पहिलं काम मुंगीएवढं होतं. एका निरोपात 'पोचले'च्या जागी 'पेचले' पडलं होतं आणि तीन गिऱ्हाइकांनी पार्सल कुठे पेचलं म्हणून चौकशी केली होती. एक अक्षर बदलायचं होतं. चौकटरावांनी आधी त्याचा आराखडा केला. धोके काय, परत कसं फिरायचं, कोणाला कळवायचं. ताई स्टुलावर चुळबुळत राहिल्या.

"अहो, नुसता एक काना द्यायचाय!"

"हो, हो. पण लाईव्ह आहे ना हे, ताई. खरी माणसं बघतायत."

ताईंनी पाहिलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता. बोट बटणाच्या वर अधांतरी. रुग्णाला पहिलं इंजेक्शन देणाऱ्या नव्या डॉक्टरसारखे डोळे मिटून त्यांनी ते एकदाचं दाबलं, आणि मग बराच वेळ खुर्चीच्या पाठीला टेकून, काही पडतंय, फुटतंय का याचा कानोसा घेत राहिले. काही पडलं नाही. निरोपात 'पोचले' दिसायला लागलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

चौकटराव उठले, बाहेर गेले आणि फोनवर कोणाला तरी हळू आवाजात म्हणाले, "अगं, आज मी लाईव्ह टाकलं." ताईंनी ते ऐकलं. हसू यायला हवं होतं, पण का कोण जाणे, आलं नाही.

परत आल्यावर तेच म्हणाले, "ताई, एक विचारू? परीक्षेत तुम्ही किती प्रश्नांना अभिप्राय लिहिला?"

ताई दचकल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्हाला ओळखतो ना. तो चौकोन तुमच्यासारख्यांना बुडवतो. मी तिकडे बघतही नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत तुमचा अभ्यास घेऊ का? मला तेवढंच येतं. बदल्यात तुम्ही मला हे शिकवा. आता माझ्याच गळ्यात पडलंय ना."

ताईंना नाही म्हणायचं होतं. पण स्टूल फार टोचत होतं. "बघा चौकटराव, मी..." आणि त्यांनी जीभ चावली.

"चालेल की," ते शांतपणे म्हणाले. "घरीही आता तेच म्हणतात. बायकोला मीच सांगितलं. तिला फार आवडलं."

ताईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

जेवणाच्या सुट्टीत छोट्या मीटिंगरूममध्ये शिकवणी सुरू झाली. चौकटरावांनी प्रश्न वाचला. "एका कंपनीला आपली माहिती..."

"कुठली कंपनी?" ताईंनी लगेच विचारलं. "किती माणसं आहेत?"

"ताई, तशी कंपनी नाहीचे."

"मग तिला कशाला काही हवंय?"

चौकटरावांनी डबा बाजूला सारला. "नीट ऐका. या परीक्षेत एकच कंपनी असते. प्रत्येक प्रश्नात तीच. तिच्याकडे पैसा भरपूर, माणसं भरपूर. कोणी रजेवर नसतं. कोणी नोकरी सोडून गेलेलं नसतं. जुना कोड नाही. शेजारच्या सर्व्हिसवाले वेळेवर उत्तर देतात. जे ठरतं ते तसंच होतं."

"हा तर स्वर्ग झाला."

"बरोबर! स्वर्ग. आपण कुठे काम करतो ते विसरायचं आणि स्वर्गात काय केलं असतं ते निवडायचं."

"आणि खरं उत्तर माहीत असेल तर?"

"तर ते गिळायचं."

ताईंना गिळणं जड गेलं. त्या दर प्रश्नाला 'पण' म्हणत. चौकटरावांनी मग नियम केला की 'पण' म्हटलं की डब्यातला एक घास त्यांचा. पहिल्या आठवड्यात ताई जवळजवळ उपाशीच परतत होत्या आणि चौकटरावांचा पट्टा एक भोक पुढे सरकला. घरी यजमान मोठ्यानं प्रश्न वाचून दाखवत. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत, "पहिली बरी की दुसरी?" विचारण्यात त्यांचा जन्म गेलेला. गिऱ्हाईक त्यांना कधी उलट बोलत नसे. ताई बोलत.

"ब की क?"

"दोन्ही. सकाळी ब आणि गर्दी असली तर क."

"अगं, एकच सांग!"

"तुमच्या दुकानात कोणी म्हणत नाही का, दोन्ही सारख्याच दिसतात म्हणून?"

"म्हणतात. मग मी त्यांना पुन्हा विचारतो. आणि पुन्हा विचारतो. शेवटी कंटाळून एक सांगतातच." यजमानांनी पुस्तक मिटलं. "तू कंटाळत नाहीस, ही अडचण आहे."

दुपारनंतर स्टुलावरची शिकवणी उलट्या बाजूनं चाले. ताई सांगत, चौकटराव लिहून घेत. कस्टमच्या सर्व्हिसचा प्रकार तर ताईंनी त्यांच्याकडून वदवून घेतला. जेवणानंतर अर्धा तास ती झोपते, ते सोडून द्यायचं. त्यानंतरही उठली नाही तर मेल पाठवायचा नाही, कोणी वाचत नाही; सरळ फोन करायचा. तिकडे एक खोकणारे काका असतात. त्यांना आधी गुडघा कसा आहे ते विचारायचं. मग कॉम्प्युटरचा विषय काढायचा. उलट केलं तर ते रागावतात.

"हे कुठे लिहिलेलं नाही?" चौकटरावांनी कळवळून विचारलं.

"कुठे लिहिणार? 'गुडघा' म्हणून रकाना आहे का?"

दिवस भराभर गेले. चौकटराव आता डोळे उघडे ठेवून बटण दाबत होते आणि ताई 'पण' म्हणण्याआधी डब्याकडे पाहायला शिकल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी दुपारी निघताना ताईंनी मागे वळून आपल्या खुर्चीकडे पाहिलं. चौकटराव त्यात ताठ बसले होते, पाहुण्यांच्या घरी सोफ्यावर बसतात तसे.

"काही झालं तर..." ताई म्हणाल्या.

"तुमचा फोन कुलुपात असेल, ताई. तेव्हा काही झालं तर होईल. जा तुम्ही."

केंद्रात पुन्हा तीच मुलगी, तोच रुमाल, तोच चष्मा. ताई खणात बसल्या आणि पडद्यावर 'एका कंपनीला' हे शब्द आले, तसे त्यांनी डोळे मिटले. त्यांना ती कंपनी दिसायला लागली. स्वच्छ, हवेशीर. कोणाच्या टेबलावर उष्टे कप नाहीत. तिथली माणसं पोटभर झोपून आलेली. तिथला साहेब म्हणतोय, घ्या हवा तेवढा वेळ. खोकणारे काका दोन्ही गुडघे वाकवत सहज जिना चढतायत. ताईंना त्या कंपनीचा नाही म्हटलं तरी लळाच लागला. बिचारीला एवढं सगळं असून दर प्रश्नात काहीतरी हवंच असायचं. द्या तिला, म्हणत ताई पर्याय निवडत गेल्या. अभिप्रायाचा चौकोन खुणावत होता. तेव्हा त्या डावा हात मांडीखाली दाबून बसल्या.

फक्त एकदा अडलं. जुनी सर्व्हिस बंद करण्याचा तो प्रश्न पुन्हा आला. स्वर्गातलं उत्तर सरळ होतं: सगळ्यांना आधी कळवावे आणि ठरल्या दिवशी बंद करावी. ताईंचं बोट पुढे जाईना. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची स्वतःची जुनी सर्व्हिस आली, ठिगळं लावलेली, पण चालणारी. शेवटी त्यांनी मन घट्ट करून ते उत्तर निवडलं. मग डावा हात मांडीखालून सुटलाच. चौकोनात त्यांनी एकच शब्द लिहिला, 'जपून', आणि पुढे गेल्या.

वेळ संपायच्या आधी प्रश्न संपले. पडदा पांढरा झाला. या वेळी त्यानं बराच विचार केला, निदान ताईंना तसं वाटलं, आणि मग 'उत्तीर्ण' असा शब्द आला. खाली गुण होते. पास व्हायला जेवढे लागत, त्याच्या अगदी किंचित वर.

मुलीनं कागद दिला. ताईंनी कुलूप उघडून तो पर्समध्ये टाकला आणि फोन चालू केला. साहेबांचे कॉल, पुन्हा साहेबांचे, मग हिशेबनिसांचा, मग पुन्हा साहेबांचे. चौकटरावांचा एकही नाही. ताईंनी जिन्यातूनच साहेबांना फोन लावला.

"ताई! कस्टम बंद पडलं होतं! सगळी पार्सलं तिथेच अडकलेली दिसत होती. नव्या गिऱ्हाइकाचा डायरेक्टर माझ्या डोक्यावर बसला होता. मी तर..."

"तू राहू दे. पार्सलांचं काय झालं?"

"आता ठीक आहे. चौकट... म्हणजे त्यांनी केलं."

"काय केलं?"

"ते मला नीट कळलं नाही. ते फोनवर कोणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलत होते."

ताईंनी हात करून टॅक्सी थांबवली. वाटेत ड्रायव्हरला दोनदा सांगितलं की जोरात चालवा, आणि तो दोनदा म्हणाला की बाई, पुढे गाड्या आहेत.

ऑफिसात त्यांच्या खुर्चीभोवती घोळका होता. मधोमध चौकटराव, सदरा पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले, चेहरा मात्र बाळंतपण सुखरूप पार पडलेल्या बापासारखा. ताईंना पाहताच घोळक्यानं वाट दिली.

"अर्धा तास थांबलो," चौकटराव सांगू लागले. "उठली नाही. मग काकांना फोन केला. डावा गुडघा कसा आहे म्हणून विचारलं."

"उजवा!" ताई किंचाळल्या.

"ते मग त्यांनीच सांगितलं. पार पहिल्यापासून सांगितलं. साहेब मागून ओढत होते, पण मी हुं हुं करत राहिलो. शेवटी म्हणाले, बरं झालं विचारलंत, तुमचं काय काम होतं? आणि मशीन बंद करून चालू केलं."

"आणि मग सगळी उत्तरं एकदम अंगावर आली असतील."

"आलीच. आपला सर्व्हर गुदमरायला लागला."

"मग तुम्ही हातानं एकेक सोडलीत?" ताई अशा वेळी तसंच करत. त्याला संध्याकाळ लागे, आणि पाठीला त्या संध्याकाळची आठवण बरेच दिवस राहत असे.

"नाही. ती रांग लावायची सोय आहे ना, पुस्तकात आहे बघा, थोडी थोडी आत सोडायची. ती आपल्याकडे होतीच. कोणी चालूच केली नव्हती. मी केली चालू."

ताई पुढे झाल्या. चौकटराव लगबगीनं उठले, त्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि हात न लावता, नुसत्या डोळ्यांनी, एकेक पार्सल तपासायला लागल्या. त्या काय शोधतायत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एक चूक. लहानशी चालली असती. एखादं तरी पार्सल भलत्या देशात, एखादा तरी निरोप दोनदा. ताईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा खालपासून वर पाहिलं. सगळी पार्सलं जिथे असायला हवी तिथे होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग, हे थोडं कमी पडलं असं वाटून, म्हणाल्या, "छान केलंत."

इतक्या वर्षांत ताईंच्या तोंडून ते दोन शब्द ऑफिसनं ऐकले नव्हते. हिशेबनिसांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाकीचे सामील झाले. ताईही वाजवत होत्या, पण त्यांच्या मनात एक बारीकशी कळ उठत होती. पार्सलं त्यांच्यावाचून हलली होती. म्हणजे इतकी वर्षं तापात, लग्नघरात, सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात बसून त्या जे करत आल्या, ते थोडं तरी कोणाला शिकवता आलं असतं. हा विचार गोड होता की कडू, हे त्यांना ठरवता येईना.

टाळ्या थांबल्यावर चौकटरावांनीच विचारलं, "ताई, तुमचा निकाल?"

कोणाच्या लक्षातच नव्हतं. ताईंच्याही नव्हतं. त्यांनी पर्समध्ये हात घालून कागद काढला. त्याची एव्हाना घडी होऊन तिच्यात एक लवंग अडकली होती.

"झाले पास. काठावर."

"काठ म्हणजे?"

ताईंनी गुण सांगितले. चौकटरावांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "एक प्रश्न इकडचा तिकडे झाला असता तर गेला असतात! ताई, मी इतक्या परीक्षा दिल्या, पण इतका बारीक नेम मला कधी जमला नाही."

त्यावर पहिल्या हसल्या त्या ताईच.

पासवर्ड दुसऱ्या दिवशी परत मिळाला. ताईंनी तो घेतला, पण चौकटरावांचाही चालू ठेवायला सांगितला, आणि साहेब काही म्हणायच्या आत आठवडाभराची रजा मागितली. साहेबांना वाटलं घरी कोणी आजारी आहे. कोणी नव्हतं. यजमानांनी दुकानाच्या दाराला पाटी लावली आणि दोघं ताईंच्या नणंदेच्या रिकाम्या घरी जाऊन राहिले, जिथे करायचं काहीच नव्हतं.

पहिला दिवस फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी फोन उलटा-सुलटा करून पाहिला, बिघडलाय का म्हणून यजमानांकडून एकदा वाजवून घेतला, आणि शेवटी गॅलरीत जाऊन स्वतःच लावला.

"सगळं ठीक आहे ना?"

"अगदी ठीक, ताई," चौकटराव म्हणाले.

"नक्की? कस्टम?"

"वेळेवर उठलं."

"गोदाम?"

"फोन केला होता. बोललो. सुटलं."

"बरं मग," ताई म्हणाल्या, "ठेवते," आणि तरी थोडा वेळ फोन कानालाच धरून उभ्या राहिल्या.

आत आल्या तेव्हा यजमानांनी वर्तमानपत्रावरून पाहिलं. "काय म्हणतायत?"

"काही नाही. काहीच म्हणत नाहीत मेले." ताई फणकाऱ्यानं म्हणाल्या, आणि दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या थेट दिवे लागल्यावर उठल्या. यजमानांनी त्यांना हाक मारली नव्हती. फक्त कधीतरी मध्येच उठून त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून, नीट पुसून, उशाशी ठेवला होता.